नेत्रयज्ञाच्या मांडवात कोण आले नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला बोलावलेल्या पाहुणीने काय बोलावे, याचा एक परिपाठ ठरून गेलेला आहे. आधी मंडळाची स्तुती करावी, मग स्त्रीशक्तीचा गौरव करावा आणि आतून कपबश्यांचा आवाज येऊ लागला की आटोपते घ्यावे. यातील शेवटची गोष्ट मी नक्की करीन. पहिल्या दोहोंऐवजी मात्र आज थोडे कामाचे बोलावे असे मनात आहे. कारण या वर्षी आपल्या मंडळाने नेत्रशिबिर भरवायचे ठरवले आहे, आणि माझे सारे आयुष्य परिचारिका म्हणून डोळ्यांच्या वॉर्डात गेले आहे. शिबिरे मी मांडवाच्या दर्शनी बाजूने पाहिली, तशी मागच्या बाजूनेही पाहिली. त्या मागच्या बाजूविषयी मला आज सांगायचे आहे.

आपल्यापैकी ज्या साठीच्या पुढे आहेत त्यांना ‘नेत्रयज्ञ’ हा शब्द आठवत असेल. यज्ञ हे नाव उगीच पडले नव्हते. सुगी उरकली आणि थंडी पडली की तालुक्याच्या गावी धर्मशाळेत किंवा शाळेच्या इमारतीत मांडव पडे. बैलगाड्यांतून, एस. टी.तून आंधळी माणसे येत. वर्गातली बाके एका बाजूला सारून सतरंज्या अंथरल्या जात. गावातले व्यापारी धान्य देत, तरुण मुले पाणी भरत आणि बायका चुली पेटवत. शहरातून डॉक्टर येत, दोन-तीन दिवसांत शेकडो मोतीबिंदू काढत आणि पुढच्या गावी जात. रोगी मात्र डोळ्यांवर पट्ट्या बांधून आठवडाभर तेथेच उताणे पडून राहात. हालायचे नाही, खोकायचे नाही, अशी सक्त ताकीद असे. पुढे काही दिवसांनी सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगाचा चष्मा मिळे. तो लावला की पायरी जवळ दिसे आणि पाय भलतीकडेच पडे. तरीही नातवाचे तोंड दिसले म्हणून आजीबाई घळाघळा रडत, आणि पाहणाऱ्यांचेही डोळे भरून येत.

या कामाला ज्यांनी आयुष्य वाहिले त्यांची नावे आज नव्या पिढीला ठाऊक नाहीत. पंजाबात मोगा येथे डॉ. मथुरादास पाहवा यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया अशा प्रचंड संख्येने केल्या की त्या गावाचे नावच डोळ्यांशी जोडले गेले. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, पूर्वीच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगी या गावी जन्मलेले डॉ. मुरिगेप्पा मोदी हे गावोगाव फिरून नेत्रशिबिरे घेत. एका दिवसात 833 मोतीबिंदू काढल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे. 1956 साली त्यांना पद्मश्री आणि 1968 साली पद्मभूषण मिळाले. एवढ्या झपाट्याने काम कसे होई, असे तुम्ही विचाराल. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्या टेबलावर पुढचा रोगी तयार ठेवलेला असे. डॉक्टरांनी फक्त वळायचे. आपण पंगतीला पोळ्या करतो तेव्हा एकजण लाटते, एकजण भाजते आणि एकजण तूप लावते. तोच हा हिशेब.

हाच हिशेब पुढे एका थोर माणसाने रुग्णालयात आणला. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना तरुणपणीच संधिवाताने गाठले आणि हातांची बोटे कायमची वाकडी झाली. त्या वाकड्या बोटांनी ते डोळ्याची नाजूक शस्त्रक्रिया करायला शिकले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 साली, वयाच्या 58 व्या वर्षी, त्यांनी अवघ्या 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. भांडवल नव्हते, घर गहाण पडले. बहीण, मेहुणे, भाऊ, भावजय सारे कामाला लागले. ज्याला ऐपत आहे त्याने पैसे द्यावेत, ज्याला नाही त्याच्यावरही तितक्याच काळजीने उपचार व्हावेत, हा तेथला नियम. आज अरविंद ही जगातील सर्वांत मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक आहे. त्याच 1976 साली केंद्र सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव घरोघरी पोचलेले आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी आनंदवनात आणि दूरदूरच्या खेड्यांत शिबिरे घेतली. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा 1995 साली त्यांच्या आईने, अंजनाबाईंनी, आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. पुढे त्यांच्या हातून ज्या लाखभर लोकांना दृष्टी मिळाली, त्या पुण्याच्या हिशेबात या माउलीचे नाव मी आधी लिहीन.

आता तुम्ही म्हणाल, मग आपणही तसाच मांडव घालू, तेथेच शस्त्रक्रिया करवू. नाही भगिनींनो, ते दिवस संपले आणि संपले हेच बरे झाले. शाळेच्या वर्गात निर्जंतुकपणा कितीसा राखता येणार? डोळ्यात जंतू शिरले की थोड्याच काळात डोळा पिकतो आणि कायमचा जाऊ शकतो. देशात ठिकठिकाणी असे अपघात घडले. दिसावे म्हणून आलेली माणसे पूर्ण आंधळी होऊन परतली. म्हणून आता रीत बदलली आहे. शिबिरात फक्त तपासणी करायची. ज्यांना शस्त्रक्रिया हवी त्यांना गाडीने रुग्णालयात न्यायचे, तेथील शस्त्रक्रियागृहात ती करायची आणि माणूस सुखरूप घरी आणून सोडायचा. आज बारीक छेद घेऊन, आत कृत्रिम भिंग बसवून बहुधा बिनटाक्याची शस्त्रक्रिया होते. रोगी दुसऱ्या दिवशी चालत घरी जातो. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायची गरज नाही, आणि उन्हाळा-पावसाळा म्हणून टाळायचेही कारण नाही. हे दोन समज आपल्याच घरांत अजून घट्ट धरून बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

हे जे भिंग, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण ती डॉक्टर लोकांच्या परिषदांची गोष्ट आहे. नेत्रतज्ज्ञांची परिषद म्हटली की पुष्पगुच्छ, शाली आणि भोजने एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. तेही तेथे असते, नाही असे नाही. पण दुसऱ्या महायुद्धात हॅरोल्ड रिडले नावाचे एक इंग्रज डॉक्टर जखमी वैमानिकांवर उपचार करीत. विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण काहींच्या डोळ्यांत रुतून राहिले होते, आणि डोळ्याने ते निमूटपणे सोसले होते. त्यावरून रिडले यांना सुचले की याच पदार्थाचे भिंग करून डोळ्यात ठेवले तर? 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिले भिंग बसवले. 1951 साली ऑक्सफर्डच्या नेत्रतज्ज्ञ परिषदेत त्यांनी हे काम मांडले, तेव्हा मोठमोठ्या धुरीणांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. डोळ्यातली घाण काढायची की आत परकी वस्तू ठेवायची, असा सवाल! पुढे कित्येक वर्षे त्यांना विरोध सोसावा लागला. सन 2000 मध्ये इंग्लंडच्या राणीने त्यांना ‘सर’ केले, तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते. तोवर त्यांची कल्पना जगभर रूढ झालेली होती.

पण गोष्ट येथे संपत नाही. ही भिंगे परदेशातून येत आणि इतकी महाग असत की गरिबाच्या वाट्याला तोच जाड चष्मा येई. 1992 साली अरविंद संस्थेने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून भिंगे येथेच बनवायला सुरुवात केली आणि किंमत एकदम खाली आली. आज आपल्या गावातल्या मोलकरणीच्या डोळ्यात जे भिंग बसते, त्याच्यामागे लंडनचा एक हट्टी डॉक्टर आणि मदुराईचा एक वाकड्या बोटांचा डॉक्टर उभा आहे.

म्हणून परिषदांना मी नावे ठेवीत नाही. आपल्या देशातील नेत्रतज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था 1930 सालापासून आहे. अशा परिषदांत नवे डॉक्टर बकरीच्या डोळ्यांवर हात बसवतात आणि जुने डॉक्टर आपल्या चुका सांगतात. चुका सांगणारी सभा ही सर्वांत कामाची सभा, असे माझे मत आहे. महिला मंडळांनीही वर्षातून एक सभा त्यासाठी राखून ठेवावी. आज माझी चूक सांगून मी तिचा आरंभ करते.

माझी आई खेड्यात राहात असे. तिची सुई ओवण्यात ख्याती होती. साठी उलटल्यावरही ती चष्म्याशिवाय सुई ओवी आणि शेजारच्या मुली तिच्याकडे दोरा घेऊन येत. ‘माझ्या आईची नजर म्हणजे नजर’ असे मी वॉर्डात अभिमानाने सांगत असे. आमच्या गावी शिबिर ठरले तेव्हा मी रजा काढून मदतीला गेले. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी ‘ई’चा एक तक्ता असतो, त्या अक्षराची बोटे कोणत्या बाजूला आहेत ते रोग्याने हाताने दाखवायचे. त्या तक्त्याजवळ मी दोन दिवस उभी होते. शेकडो माणसांचे डोळे पाहिले. आणि माझी आई ते दोन्ही दिवस शाळेच्या मागच्या पडवीत स्वयंसेवकांसाठी पिठले-भात रांधत होती. ती रांगेत आली नाही. तिला कोणी बोलावले नाही. मीही नाही.

दोन वर्षांनी दिवाळीला गेले तेव्हा अंगणात तिची ठिपक्यांची रांगोळी पाहिली. मधले ठिपके मोत्यांसारखे एका ओळीत होते, पण डाव्या काठचे ठिपके जोडायचे राहून गेले होते. मी हसून म्हटले, “आई, घाईत होतीस का?” ती म्हणाली, “अगं, सगळे तर जोडले.” मग मी तिच्याकडे लक्ष देऊन पाहू लागले. सुपातले तांदूळ निवडताना मधला खडा ती नेमका उचली, पण काठावरचे खडे तसेच राहात. दारातून जाताना खांदा चौकटीला लागे. ती म्हणे, “वयच झाले.” मी तिला शहरात नेले. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, आतली नस पाहिली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. तो काचबिंदू होता. एक डोळा जवळजवळ गेला होता. दुसऱ्यात मधोमध एक खिडकी तेवढी उरली होती. त्याच खिडकीतून ती सुई ओवीत असे.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू म्हणजे खिडकीची मळलेली काच. ती बदलता येते. काचबिंदू म्हणजे भिंतीतली तारच जळून जाणे. औषधाने फक्त उरलेले राखता येते. आईने सांगितलेले थेंब सकाळ-संध्याकाळ न चुकता घातले आणि ती खिडकी तिने अखेरपर्यंत राखली. पण माझ्या मनात एक गोष्ट सलत राहिली. दोन वर्षे आधी, पन्नास पावलांवर डॉक्टर बसलेले असताना, मी तिच्या हातचे पिठले खाल्ले आणि तिचे डोळे पाहिले नाहीत.

येथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. त्या दिवशी ती रांगेत आली असती तरी माझा तो तक्ता तिने बिनचूक वाचला असता. मी तिला ‘उत्तम’ म्हणून परत चुलीकडे धाडले असते. कारण त्या शिबिरात मोतीबिंदू तेवढा शोधीत होते. डोळ्याचा दाब कोणी मोजीत नव्हते. तेव्हा चूक दुहेरी होती. रांधणारी बाई रांगेत आली नाही ही पहिली, आणि रांगेत फक्त एकाच रोगाला जागा होती ही दुसरी.

हे दुःख एका घरचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दृष्टीविषयी जो अहवाल काढला, त्यात जगात किमान 220 कोटी लोकांना काही ना काही दृष्टिदोष आहे आणि त्यांतील किमान 100 कोटींचा दोष टळण्यासारखा होता किंवा अजून उपचार मिळाले नाहीत म्हणून राहिला आहे, असे म्हटले आहे. जगभरच्या दृष्टिदोषी माणसांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. स्त्रिया अधिक जगतात हे एक कारण. पण पुष्कळ ठिकाणी त्या उपचारापर्यंत पुरुषांइतक्या पोचतच नाहीत, हे दुसरे. आपल्या देशात 2015 ते 2019 या काळात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत पन्नाशीपुढील माणसांच्या अंधत्वापैकी सुमारे दोन-तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूचे आढळले. म्हणजे अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने जाणारे! मग ते राहते का? तर ‘मला आता काय वाचायचे आहे’, ‘सुनेला रजा मिळत नाही’, ‘यांच्या जेवणाचे कोण पाहणार’, ‘यंदा नको, पुढच्या वर्षी’. ही कारणे ज्या घरांत बोलली जातात, त्या घरांत आपणच राहतो.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. खुपऱ्यांचा रोग आठवतो ना? पापण्या आत वळून बुब्बुळ घासले जाई आणि डोळ्यांत फूल पडे. त्यासाठी 1963 साली देशात राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्यांचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. त्यात औषधाचा वाटा आहे, पण स्वच्छ पाण्याने मुलांची तोंडे धुणाऱ्या आयांचाही तितकाच आहे.

डोळ्यांसाठी वर्षात कितीतरी दिवस पाळले जातात. मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह असतो. 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हा राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टी दिन. या शेवटच्या दिवसामागे एका स्त्रीची हाक आहे. हेलन केलर 1925 साली अमेरिकेत लायन्स मंडळींच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधारात राहणाऱ्यांचे कैवारी व्हा, असे आवाहन त्यांनी केले. ज्या बाईला दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते, तिचे म्हणणे सभेने ऐकले! लायन्स क्लबांनी ते काम हाती धरले आणि 1998 साली त्यांच्याच पुढाकाराने दृष्टी दिन प्रथम पाळला गेला. हेलन केलर 1955 साली आपल्या देशातही येऊन गेल्या.

आपल्याकडे या दिवशी प्रभातफेरी निघते, मुलांच्या चित्रांच्या स्पर्धा होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. ते सारे करावे. पण फोटो निघाल्यावर काय उरते, ते पाहावे. नेत्रदानाचे उदाहरण घ्या. पंधरवड्यात शेकडो बायका संकल्पपत्र भरतात. पत्र पेटीत जाते आणि विसरले जाते. मृत्यू होतो त्या वेळी घरचे रडत असतात. कोणाला आठवण राहात नाही. म्हणून पत्रापेक्षा घरात बोलून ठेवणे महत्त्वाचे. शेवटी संमती नातलगच देतात, आणि पत्र भरलेले नसले तरी ते देऊ शकतात.

काय करायचे ते नीट ऐका. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घेतले जावे लागतात. डोळे मिटवावेत, पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी देऊन ते थोडे उंच ठेवावे आणि लगेच नेत्रपेढीला कळवावे. पेढीची माणसे घरी येतात. पंधरा-वीस मिनिटांचे काम असते आणि चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असलेल्या, मोतीबिंदू काढलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाचेही डोळे घेता येतात. कावीळ ‘ब’ आणि ‘क’, एड्स, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुदोष अशा काही रोगांत मात्र घेत नाहीत. ते पेढीचे डॉक्टर ठरवतात. पुढच्या जन्मी आंधळे होऊ, ही भीती मनात आणू नये. ज्या धर्मात दानाला पुण्य म्हटले आहे त्याच धर्मात या दानाला शिक्षा कशी असेल? बुब्बुळ बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1905 साली युरोपात डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केली. आपल्या देशात पहिली नेत्रपेढी 1945 साली मद्रासला निघाली. इतक्या वर्षांनंतरही बुब्बुळाची वाट पाहात माणसे बसलेली आहेत, आणि रोज स्मशानात डोळे जळत आहेत.

आता आपल्या शिबिराकडे वळते. मंडळाच्या कार्यवाह भगिनींनी मला अंदाजपत्रक दाखवले. त्यात मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ आणि फलक यांचा खर्च नीट मांडलेला आहे. तपासलेल्या रोग्यांचा आकडा लिहायला फलकावर मोठी जागाही सोडली आहे. माझी विनंती ऐकून तुम्हाला राग येईल, पण वयाचा मान ठेवून ऐकून घ्या. सत्कार एका फुलावर करा. डॉक्टर रागावणार नाहीत, मी त्यांना चांगली ओळखते. वाचलेल्या पैशांत पुढील गोष्टी कराव्यात.

शिबिराच्या आधी महिनाभर दोघी-दोघींनी गल्ल्या वाटून घ्याव्यात आणि घरोघर जाऊन चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईचे नाव वहीत लिहावे. “दिसते का?” असे विचारू नका, सगळ्या “दिसते” म्हणतात. सूप कोण पाखडते, रांगोळी कोण घालते, तिन्हीसांजेला कोण अडखळते, ते विचारा. सासूबाईंचे सुनेला विचारा आणि सुनेचे सासूबाईंना. दोघीही एकमेकींविषयी खरे सांगतील, यात मला शंका नाही.

शिबिरात रांधणाऱ्या, वाढणाऱ्या, झाडणाऱ्या बायकांचे डोळे सर्वांत आधी तपासावेत, आणि मग चूल पेटवावी. हा नियम मंडळाच्या ठरावात लिहून ठेवा.

डॉक्टरांना आताच सांगून ठेवा की चाळिशीपुढच्यांचा डोळ्यांचा दाब मोजावा आणि नस पाहावी. ज्यांना मधुमेह आहे त्यांचा आतला पडदा बाहुली मोठी करून तपासावा. आणि त्यांनी तो दरवर्षी तपासून घ्यावा, दिसत असले तरीही. पुष्कळ जणींना फक्त जवळच्या चाळिशीची गरज असते. एका साध्या चष्म्याने शिवणकाम करणारीची रोजी परत येते, याला लहान गोष्ट समजू नये.

शस्त्रक्रियेला जाणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर मंडळातली एक सोबतीण जावी आणि तिच्या घरी दोन दिवसांचा डबा मंडळाने पोचवावा. ‘यांच्या जेवणाचे कोण पाहणार’ या प्रश्नाला व्याख्यानाने उत्तर मिळत नाही, डब्याने मिळते.

आणि शेवटची गोष्ट, जी फोटोत कधीच येत नाही. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे औषधाचे थेंब घालावे लागतात. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही, चुलीच्या धुरात बसायचे नाही. डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. हे पाहायला कोणीतरी रोज संध्याकाळी त्या घरी डोकावले पाहिजे. आपल्या मंडळाची भिशी दर महिन्याला होते आणि तिला कोणी चुकत नाही. तशीच ही पाळीही लावून घ्या.

पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत फलकावरचा आकडा अवश्य छापा. पण त्याच्या खाली दुसराही एक आकडा छापावा: वहीत नाव होते, पण शिबिराला आल्या नाहीत, अशा बायका किती. तो आकडा छापायला लाज वाटेल. वाटू द्या. त्या लाजेपोटीच आपण त्यांच्या दारी पुन्हा जाऊ. आमच्या गावच्या त्या शिबिराचा अहवालही छापला होता. तपासलेल्यांची संख्या, शस्त्रक्रियांची संख्या, देणगीदारांची नावे, सारे त्यात होते. आणि ‘भोजनव्यवस्था उत्तम होती’ असे एक वाक्यही होते. माझ्या आईविषयी त्या अहवालात एवढेच छापलेले आहे.

आतून कपबश्यांचा आवाज येऊ लागला आहे, तेव्हा दिलेला शब्द पाळते. एक सांगणे आहे. आज चहा करणाऱ्या ज्या भगिनी आत आहेत, त्यांची नावे वहीत पहिल्या पानावर लिहून घ्यावीत. वही मी बरोबर आणली आहे.